पोटखराब्यातल्या पाण्याची नोंद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या कातळसड्याचा, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराचा, सातबारा उतारा काढला, तर त्या क्षेत्राचा मोठा भाग बहुधा पोटखराब्यात दाखवलेला असतो. लागवडीस अयोग्य, म्हणून आकारणीतून वगळलेली ही जमीन. मृगाचा पाऊस स्थिरावला की याच सड्यावर जांभ्याच्या खोलगट भागांत घोटाभर पाणी साचते, त्याच्या कडेने गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले उगवतात, आणि आषाढात उघडीप मिळालेल्या एखाद्या सकाळी त्या पाण्यावर चतुरांची आणि टाचण्यांची, म्हणजे त्यांच्याच नात्यातल्या सडपातळ कीटकांची, ये-जा सुरू होते. आश्विन सरेपर्यंत ते पाणी आटून गेलेले असते. उताऱ्यात त्या पाण्याला जागा नसते आणि गावच्या नकाशातही नसते. कोणी तरी तिथे उभे राहून जे लिहून ठेवले असेल, तेवढ्यापुरतेच ते कागदावर येते. मी चतुरांच्या नोंदी ठेवते, त्याचे मुख्य कारण हे आहे.

नोंद कशाला म्हणायचे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण सुरेख छायाचित्र मिळाले म्हणजे नोंद झाली असा समज फार पसरला आहे. माझ्या वहीत एका ओळीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, पाण्याचा प्रकार, ऊन किती होते, वारा कसा होता, कोणती जात, नर किती, माद्या किती आणि त्या काय करत होत्या, एवढे असते. यातला प्रत्येक रकाना कशासाठी तरी आहे. ढग दाटून आले की बहुतेक चतुर झुडपांत शिरून बसतात, तेव्हा आभाळाची स्थिती लिहिली नसेल, तर ‘फक्त दोन दिसले’ या वाक्यावरून पुढे काहीच ठरवता येत नाही. पाणी वाहते की साचलेले, तळाशी वाळू की गाळ, कडेला गवत की सिमेंट, हे लिहिले नसेल, तर दहा वर्षांनी त्याच जागी चतुर आढळला नाही तेव्हा त्याचे कारण शोधायला हाती काही उरत नाही. शोधूनही न सापडल्याची नोंद करावी, याबद्दल मी आग्रही आहे. अमुक तळ्यावर अमुक दिवशी स्वच्छ उन्हात दोन तास फिरून एकही टाचणी आढळली नाही, हे वाक्य लिहायला मन तयार होत नाही. पण तळे बिघडत चालल्याचा पहिला लेखी पुरावा पुष्कळदा तेच वाक्य असते.

ओळखीच्या बाबतीत घाई चालत नाही. चतुर बसतो तेव्हा पंख आडवे पसरतो आणि त्याचे डोळे बहुधा एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात. इतके कोणालाही दोन दिवसांत जमते. त्यापुढची ओळख पंखांच्या शिरांवर, छातीच्या बाजूच्या पट्ट्यांवर आणि विशेषतः नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या आकड्यांवर ठरते, कारण जुगताना मादीला डोक्याशी किंवा मानेशी धरण्याचे ते साधन असते आणि त्यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो. म्हणून छायाचित्र घ्यायचे तर एक बाजूने, एक वरून आणि एक त्या टोकाचे जवळून, असे तीन कोन लागतात. नुकत्याच कात टाकलेल्या चतुराचे रंग अजून भरलेले नसतात, आणि काही टाचण्यांच्या माद्या एकाच जातीत दोन-तीन रंगांच्या असतात. अशा वेळी ‘सेरिॲग्रिऑन (हे टाचण्यांच्या एका गटाचे नाव), मादी, जात निश्चित नाही’ एवढेच लिहून थांबावे. अर्धवट पण खरी असलेली नोंद पुढे कोणी तरी पूर्ण करू शकतो. अंदाजाने लिहिलेले नाव मात्र एकदा नकाशात शिरले, की ते काढून टाकायला वर्षे लागतात.

कोकणात पाण्याचे इतके प्रकार आहेत, की एकाच गावात सकाळपासून दुपारपर्यंत चालत गेले, तरी चतुरांच्या चार निरनिराळ्या वस्त्या पाहायला मिळतात. भाताच्या खाचरांत न्यूरोथेमिस टुलिया हा चतुर असतो. त्याच्या नराच्या पंखांचा बुडाकडचा अर्धा भाग गडद, त्यापुढे पांढरट पट्टा आणि टोक पारदर्शक. सावलीतून वाहणाऱ्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, न्यूरोबेसिस चायनेन्सिस या टाचणीचा नर दगडावर बसून पंख उघडतो, तेव्हा मागच्या पंखांचा धातूसारखा हिरवा रंग क्षणभर दिसतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली नाव दिलेली ही टाचणी आहे. खाडीकडे उतरले, की खाजणाच्या मचूळ पाण्यावर इस्नुरा सेनेगॅलेन्सिस ही टाचणी टिकून असते आणि किनाऱ्याला धरून राहणारा मॅक्रोडिप्लॅक्स कोरा काडीच्या शेंड्यावर बसलेला सापडतो. गावातली गटारे आणि सांडपाण्याची डबकी ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटाच्या नारिंगी नरांनी भरलेली असतात. घाण पाणी त्याला सहज सोसते, त्यामुळे एखाद्या तळ्यावर बाकीच्या जाती कमी होऊन तोच तेवढा वाढत गेला, तर त्या पाण्यात काय चालले आहे हे पुष्कळ अंशी कळते. सर्वत्र आढळणाऱ्या जातीही दर वेळी मोजून लिहाव्यात, असे मी म्हणते ते यासाठी. दुर्मीळ चतुराच्या मागे धावताना हिरवट-काळ्या ऑर्थेट्रम सबिनाकडे कोणी पाहत नाही; पण वर्षांची तुलना त्याच्यासारख्यांच्या संख्येवरच उभी राहते.

जांभ्यात बांधलेल्या जुन्या बावींवर, म्हणजे विहिरींवर, माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. बावीच्या आतल्या भिंतीवर शेवाळ वाळून काळसर-करडे ठिपके पडलेले असतात आणि त्यांवर ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा चतुर पंख दगडाला टेकवून असा बसतो, की हाताच्या अंतरावरूनही तो दिसत नाही. पंखाच्या टोकाजवळच्या लहानशा चौकटीचा मध्य गडद आणि दोन्ही कडा पांढरट असतात. त्या चार पांढरट ठिपक्यांच्या जोड्यांवरूनच तो सापडतो. पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर, दोन चिऱ्यांच्या सांध्यात, त्याच्या अळीची रिकामी कात अडकलेली असते. ती मातीच्या रंगाची असते, पाठीवर उभी चिरलेली, सहाही पाय दगडाला घट्ट रोवलेले आणि चिरेतून श्वासनलिकांचे पांढरे दोरे बाहेर लोंबत असलेले. चिमट्याने ती सोडवून लहान डबीत ठेवली आणि चिठ्ठीवर तारीख व ठिकाण लिहिले, की त्या बावीची त्या वर्षाची सर्वांत भक्कम नोंद हाती येते.

अशीच एकदा वाकून पाहत असताना पाण्याला आलेल्या एका आजींनी विचारले, “काय गो बाय, बावीत वाकान काय बगतंस?”

“चतुर बघतंय, आजी. भिंतीर बसलेलो दिसता काय तुमका?”

“ते व्हय! ते वयर घिरट्यो घालूक लागले की पावस गेलो म्हणान समजायचा. मगे भात कापूक घेवचा.”

हे वाक्य मी ऐकीव माहितीच्या वेगळ्या पानावर, गावाचे नाव आणि महिना घालून लिहून ठेवले. ज्यांनी एकाच बावीवर पन्नास-साठ पावसाळे पाणी भरले आहे, त्यांच्या आठवणी प्रत्यक्ष निरीक्षणात मिसळू नयेत, पण त्या गमवूही नयेत.

कातीला मी भक्कम म्हटले, त्याचे कारण या जीवाच्या आयुष्यात आहे. पंख फुटलेला चतुर आपल्याला दिसतो, तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा आणि बहुतेक जातींत लहान भाग असतो. त्याआधीचा काळ तो पाण्यात अळीच्या रूपात काढतो. चतुराची अळी गुदद्वारातून पाणी आत ओढून त्याच पाण्यातला प्राणवायू घेते, आणि संकट आले की तेच पाणी जोराने बाहेर फेकून पुढे सुटते. टाचणीच्या अळीला टोकाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. दोघींचाही खालचा ओठ दुमडून ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की क्षणात पुढे झेपावतो. डासांच्या अळ्या, इतर किडे, क्वचित बेडकांची लहान पिल्ले असा त्यांचा आहार असतो. उडता चतुर वाऱ्याबरोबर कुठूनही आलेला असू शकतो. चतुर अंडी घालताना दिसणे हाही पुरता पुरावा नाही, कारण पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर त्याची पाणी ओळखण्याची रीत अवलंबून असल्यामुळे चकचकीत मोटारीच्या टपावरही चतुर अंडी टाकतात. कात मात्र सांगते, की या पाण्यात अंडे उबले, अळी वाढली, तिला पुरेसे खाद्य मिळाले, आणि ती बाहेर पडेपर्यंत हे पाणी टिकले.

सड्यावरच्या डबक्यांत वेळेचे गणित फार घट्ट असते. पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळसर, लांब पंखांचा भटक्या चतुर ते गणित सोडवतो, कारण उबदार उथळ पाण्यात त्याची अळी सहा-सात आठवड्यांतही पूर्ण वाढू शकते आणि मासे नसलेल्या डबक्यात तिला खाणारे कमी असतात. भाद्रपद-आश्विनात सड्यावर आणि खळ्यांवर त्याचे थवे दिसतात. मालदीवमध्ये राहून काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने तिथे दर ऑक्टोबरात लाखोंनी उतरणारे हेच चतुर वर्षानुवर्षे नोंदवले, आणि २००९ साली असे मांडले, की ते भारताकडून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या परत येतात. जाऊन-येऊन हा प्रवास १४ ते १८ हजार किलोमीटरांचा होतो. पुढे २०१२ मध्ये पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून, मालदीवला पोहोचणारे चतुर भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातून येत असल्याचे दाखवण्यात आले. मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची सुरुवात. कोणती तारीख, कोणते बेट, वारा कोणत्या दिशेचा, एवढ्या साध्या नोंदी एका माणसाने वर्षानुवर्षे न चुकता केल्या, म्हणून या प्रश्नाला तोंड फुटले.

संवर्धनाच्या कामात या नोंदी नेमक्या कुठे पोहोचतात, हे जाणून घेतल्यापासून वही लिहिण्याची माझी रीत बदलली. डिसेंबर २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या चतुर-टाचण्यांचे पहिले समग्र मूल्यांकन जाहीर केले. त्यात ६,०१६ जातींचा विचार झाला होता आणि त्यांपैकी १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. एखाद्या जातीला या संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत स्थान द्यायचे, तर ती किती क्षेत्रात पसरली आहे हे पाहिले जाते. त्यासाठी नकाशावर दोन किलोमीटर बाजूच्या चौकटी आखून ज्या चौकटींत ती जात आहे त्या मोजतात. अशा चौकटींचे एकूण क्षेत्र २,००० चौरस किलोमीटरांच्या आत असेल आणि अधिवास तुटत, घटत असल्यासारख्या अटीही लागू होत असतील, तर ती जात असुरक्षित ठरू शकते. चौकटीत आकडा येतो तो कोणाच्या तरी नोंदीतून. नोंदीच नसतील, तर त्या जातीची गणना अपुरी माहिती असलेल्यांत होते, आणि अपुऱ्या माहितीवर खाण थांबत नाही की रस्ता वळत नाही.

कोकणपट्टीच्या बाबतीत ही उणीव जुनी आहे. भारतातल्या चतुरांच्या अभ्यासाचा पाया घालणारे फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर भारतीय वैद्यकीय सेवेतले अधिकारी होते. त्यांच्या चतुरांवरच्या ग्रंथाचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले आणि आजही ओळखीसाठी तेच उघडावे लागतात. त्यानंतर इतका काळ लोटूनही सिंधुदुर्गातून विज्ञानाला अनोळखी जाती मिळतच आहेत. २०१९ मध्ये शंतनु जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी या जिल्ह्यातून सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या पिवळ्या छातीच्या टाचणीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळ गावाच्या नावाने बर्मागोम्फस चौकुळेन्सिस हा चतुर जाहीर झाला. दोन्ही ठिकाणे माणसांच्या वावरातली आहेत. जी जात नाव मिळण्यापूर्वी पिढ्यानपिढ्या गावाशेजारी राहत होती, ती नाव मिळण्यापूर्वीच एखाद्या डबक्याबरोबर संपूनही गेली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कारण डबकी संपण्याचा वेग मोठा आहे. चिरेखाणीत सड्याचा वरचा थर कापला जातो आणि उथळ पाण्याच्या जागी माणसाच्या उंचीच्या काही पट खोल, उभ्या भिंतींचा खड्डा राहतो. त्यात पाणी साचते, पण कडेचे गवत, उथळ ऊबदार थर आणि पावसाळ्यापुरतीच उगवणारी वनस्पती नसते, म्हणून तिथे वेगळ्याच, थोड्या जाती येतात. कातळ फोडून, बाहेरून माती आणून आंब्याची बाग उभी करणे हा अनेक कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि त्याकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. तरी सड्यावरच्या पाणथळीचा एखादा तुकडा बागेच्या आराखड्यातून वगळता येतो आणि फवारणी त्या पाण्यापासून दूर ठेवता येते, एवढे मी भेटेल त्या बागायतदाराला सांगते. काहींनी ते ऐकलेही आहे. व्हाळाचे काठ सिमेंटने बांधून काढण्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. टाचण्या अंडी पाणवनस्पतींच्या देठांत घालतात आणि बाहेर पडताना अळीला चढायला काडी, मूळ, खडबडीत दगड लागतो. गुळगुळीत सिमेंटच्या नाल्यात यांतले काहीच राहत नाही, आणि हे काम बहुतेक वेळा सुशोभीकरण म्हणून केले जाते. विहिरींत डासांसाठी सोडलेल्या गप्पी माशांची नोंदही मी घेते, कारण मासे आले की चतुरांच्या लहान अळ्यांचे जगणे अवघड होते, आणि डासांच्या अळ्या खाणारे जुने रहिवासी त्या विहिरीतून कमी होतात.

या सगळ्याला कायद्यात एक जागा आहे आणि ती आपण पुरेशी वापरत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. पुष्कळ गावांत त्या वहीत झाडे, औषधी वनस्पती, पक्षी, फार तर फुलपाखरे येतात. पाण्यातल्या कीटकांचे पान कोरे असते. ते पान भरल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण आंबोलीत आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा आढळला, २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. सड्यांच्या बाबतीत कातळशिल्पांनी, म्हणजे कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांनी, अशीच वाट काढून दिली आहे; २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि ज्या कातळाला कालपर्यंत पडीक म्हटले जात होते, त्याच्याकडे लोक थांबून पाहू लागले. त्या शिल्पांच्या रेषांतच पावसाळ्यात पाणी साचते. शिल्पाचे रक्षण करताना त्या पाण्यालाही सामावून घेतले, तर एकाच कुंपणात दोन्ही सांभाळले जातील.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. थोड्याच जागी आढळणाऱ्या जातीचे नेमके ठिकाण सर्वांसाठी खुले करू नये. नोंद पूर्ण अचूक ठेवावी, ती अभ्यासकांकडे आणि समितीकडे द्यावी, पण जिथे कोणीही पाहू शकेल तिथे तालुक्यापुरतेच ठिकाण दाखवावे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नेमके ठिकाण झाकण्याची सोय आहे. एका लहानशा पाणथळीवर छायाचित्रासाठी आलेल्यांनी गवत तुडवून काठ उघडा केलेला मी पाहिला आहे, आणि त्या हंगामात तिथे पुन्हा अंडी घालताना टाचणी दिसली नाही.

आमच्या लहानशा गटाच्या वह्या चाळल्या, तर बहुतेक नोंदी गणपतीच्या सुट्टीपासून दिवाळीपर्यंतच्या निघतात, कारण तेव्हा फिरणे सोयीचे असते आणि चतुरही भरपूर असतात. वैशाखाची पाने जवळजवळ रिकामी आहेत. याच महिन्यात व्हाळ तुटून त्याचे कोंड, म्हणजे सुटे डोह, उरतात, आणि वाहत्या पाण्यातल्या गोम्फिडी कुळातल्या चतुरांच्या अळ्या त्या कोंडांच्या तळाशी वाळूत पुरून घेऊन पहिल्या पावसाची वाट पाहत असतात. गाळ काढायला यंत्र उतरते तेही याच दिवसांत. म्हणून या उन्हाळ्यात आम्ही व्हाळाच्या उगमापासून खाडीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालणार आहोत. पाणी शिल्लक असलेला प्रत्येक कोंड, त्याची खोली, तळाचा प्रकार आणि काठच्या दगडांवर मिळालेल्या काती लिहून ती यादी गाळ काढण्याचे काम ठरण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या समितीकडे देणार आहोत. कोणते कोंड या वर्षी तसेच राहू द्यावेत, याची खूण त्या यादीत प्रत्येक नावापुढे असेल.